आपली मुदत संपली आहे

मोठ्या कंपनीत नोकरी असण्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे आपण तिथे नेमकं काय करतो हे घरी कुणी विचारत नाही. आणि सगळ्यात मोठा तोटा म्हणजे एक दिवस विचारतात.

बापूंवर तो दिवस रविवारी सकाळी आला. ते तोंडाला साबण फासून आरशासमोर उभे होते आणि बाहेरच्या खोलीतून तात्यांची आरोळी आली.

“जावईबापू! ही तुमची कंपनी मला घराबाहेर काढतेय!”

तात्या म्हणजे बापूंचे सासरे. जन्मभर त्यांनी बस आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून काम केलं. कुठली गाडी कुठे लागली, कुठली रद्द झाली, हे माईकवरून सांगायचं. माईक बंद पडला तरी प्रवाशांना ते कळत नसे, असा त्यांचा आवाज. महिन्यापूर्वी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, छाती उघडून पुन्हा शिवली, तेव्हापासून ते लेकीकडे विश्रांतीला होते. डॉक्टरांनी जोरात बोलायला मनाई केली होती. ती त्यांनी आपल्या परीने पाळली होती, म्हणजे आता फक्त आपल्याच मजल्यावर ऐकू जात असे.

बापू अर्ध्या दाढीनिशी धावले. तात्या सोफ्यावर बसले होते, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, नाकावर चष्मा, आणि हातात फोन असा लांब धरलेला की जणू मेलेला उंदीर. फोनवर आरोग्याचं ॲप उघडं होतं. हे ॲप बापूंच्याच कंपनीचं, आणि ते तात्यांच्या फोनवर मोठ्या कौतुकाने घातलंही बापूंनीच. सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजायचा आणि तो आकडा त्यात भरायचा, एवढंच काम. पण तात्यांचं कसं, की आधी आकडा बघायला चष्मा लागे, मग चष्मा पुसायला रुमाल लागे, मग एका बोटाने एकेक कळ शोधायची. तेवढ्या वेळात ॲपचा धीर सुटे. आणि पडद्यावर काळ्या ठळक अक्षरांत उमटे:

‘आपली मुदत संपली आहे. कृपया बाहेर पडा.’

“डॉक्टर म्हणाला, पंधरा वर्षं निर्धास्त राहा,” तात्या म्हणाले. “तुमची कंपनी म्हणते मुदत संपली. मी विश्वास कुणावर ठेवू?”

“तात्या, ते तुम्हाला उद्देशून नाहीये. ते तांत्रिक आहे. बराच वेळ हालचाल झाली नाही की...”

“मग काय मेलो असं धरता? आणि वर ‘बाहेर पडा’! जावयाच्या घरी राहतोय म्हणून?”

आता मात्र बापूंची बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने वाक्य वाचलं, वडिलांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या माणसाला या शेवटच्या नजरेचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

“अहो, हे तुमच्या कंपनीचंच ना?”

“कंपनी फार मोठी आहे गं. ते खातं वेगळं...”

“उभ्या आयुष्यात मी एका प्रवाशाला ‘निघा’ म्हटलं नाही,” तात्या म्हणाले. “गाडी सहा तास उशिरा असली तरी ‘प्रवाशांनी कृपया सहकार्य करावं’ म्हणायचो. एक वाक्य आहे, जावईबापू. एकच. तुम्ही तिथे काम करता ना? मग बदला. का तुम्ही तिथे... म्हणजे तुम्ही तिथे नेमकं करता तरी काय?”

साबण सुकत चालला होता. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. बापू म्हणाले, “त्यात काय एवढं? उद्या बदलून टाकतो.”

बापू कंपनीत काय करत, हे इथे सांगून टाकलेलं बरं. पडद्यावर एखादी कळ दाबली की मजकूर येईपर्यंत जी बारीक चकती गोल गोल फिरत राहते, ती फिरवणाऱ्या गटात ते होते. जगातल्या अक्षरशः कोट्यवधी लोकांनी बापूंचं काम पाहिलं होतं आणि त्यातल्या प्रत्येकाने दात-ओठ खाल्ले होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते “सिस्टिममध्ये आहे” एवढंच सांगत.

बाकी कंपनीत सुखच सुख होतं. काचेची उंचच उंच इमारत. खुर्ची अशी की बसल्यावर तीच आपल्याला सरळ करते. कॉफीचं मशीन आधी ‘आज मन कसं आहे’ विचारायचं आणि मग कोणतंही उत्तर दिलं तरी तीच कॉफी द्यायचं. आणि मुख्य म्हणजे विमा. तात्यांचं ऑपरेशन, औषधं, पुढच्या तपासण्या, सगळं कंपनीच्या विम्यातून झालं होतं. बापूंना नुसती सही करावी लागली. अडचण एकच होती. कंपनीत सगळ्यांनी एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारायची, असा नियम होता. बापूंची बॉस त्यांच्या भाचीच्या वयाची, पण ती पडली बॉस. तिला नुसत्या नावाने हाक मारायला बापूंची जीभ रेटेना आणि ‘मॅडम’ म्हटलं की ती रागवे. मग त्यांनी खाकरण्याची पद्धत काढली होती. बापू खाकरले की बॉसबाई मान वर करत.

सोमवारी बापू खाकरले.

“एक वाक्य बदलायचंय,” ते म्हणाले. “आरोग्याच्या ॲपमधलं.”

“बदला की,” बॉसबाई म्हणाल्या. “पण ते आपल्याकडे नाही. आरोग्यवाल्यांना विचारा.”

आरोग्यवाले सातव्या मजल्यावर बसत. ते फार सौजन्याने बोलले. पडदा आमचा, म्हणाले, पण पडद्यावरचे शब्द आमचे नव्हेत. शब्द म्हणजे शब्दखातं. शब्दखातं दुसऱ्या इमारतीत होतं. तिथे एका दाढीवाल्या तरुणाने बापूंचं म्हणणं शांतपणे ऐकलं, संगणकात डोकं घातलं, आणि थोड्या वेळाने हसत वर काढलं.

“हे वाक्य मुळात आरोग्याचं नाहीच,” तो म्हणाला. “हे आपल्या मीटिंगरूमचं आहे.”

खरंच तसं होतं. मीटिंगच्या खोल्या वेळ ठरवून मिळत. वेळ संपला की आतल्या मोठ्या पडद्यावर सूचना येई, ‘आपली मुदत संपली आहे. कृपया बाहेर पडा.’ तिथे ते वाक्य शोभूनही दिसे, कारण मीटिंगला बसलेल्या माणसाला असं सांगितल्याशिवाय तो उठत नाही. पुढे आरोग्यवाल्यांना वेळ संपल्याचं वाक्य लागलं, तेव्हा कुणीतरी गोदामातलं तयार वाक्य उचलून दिलं. मग पत्त्यांच्या खेळात गेलं, फोटोंत गेलं, नकाशात गेलं. आता ते वाक्य सगळ्या घरात एक टॉवेल असावा तसं सामाईक झालं होतं.

“म्हणजे एका जागी बदललं की सगळीकडे बदलणार?”

“हो ना. म्हणून सगळ्यांची संमती लागेल.”

“आणि आरोग्यासाठी वेगळं वाक्य केलं तर?”

दाढीवाल्याचा चेहरा गंभीर झाला. “ते शक्य नाही,” तो म्हणाला. ज्या सुरात डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगतात, त्या सुरात.

संध्याकाळी तात्या दारातच उभे होते. “बदललं?”

“प्रक्रिया सुरू झालीय.”

“आगारात गाडी बंद पडली की आम्हीही हेच सांगायचो,” तात्या म्हणाले आणि आत गेले.

गोष्ट घरात राहिली असती तर निभावलं असतं. पण तात्यांनी ती सकाळच्या फेरीत इमारतभर केली, आणि फेरी हळू चालायची असल्यामुळे तपशीलवार केली. समोरच्या दारातले दातांचे डॉक्टर बापूंना जिन्यात अडवून म्हणाले, “तुम्ही वाक्यं बदलता म्हणे? मग तेवढा तो नकाशातला बाण सरकवा. माझे पेशंट शेजारच्या सलूनमध्ये जाऊन आ करून बसतात.” खालच्या काकूंना त्यांच्या फोनमध्ये आपलेच जुने फोटो ‘आजच्या दिवशीच्या सुखद आठवणी’ म्हणून दिसत, आणि त्यात हमखास भांडून गेलेली जाऊ असे, ती काढायची होती. इमारतीचे सेक्रेटरी तर चहाच प्यायला आले.

“चुकताय तुम्ही, बापू,” ते बशीत बिस्किट ठेवत म्हणाले. “आत राहून आतल्याबद्दल बोलायचं नसतं. तक्रार बाहेरून यावी लागते. बाहेरची तक्रार आली की आतले लोक घाबरतात. तात्या, तुम्ही ग्राहक आहात. करा फोन.”

“नको,” बापू म्हणाले.

“का नको?” तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बापू कामावर गेल्यावर तात्यांनी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडे यंत्र होतं. यंत्र म्हणालं, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तात्या म्हणाले, मग उचला. बापूंच्या बायकोने नंतर सांगितलं की दोघांचं बराच वेळ चाललं होतं आणि शेवटी यंत्रच दमलं. तक्रार नोंदवली गेली.

ती तक्रार कंपनीच्या पोटात शिरली, सातव्या मजल्यावर गेली, दुसऱ्या इमारतीत गेली, आणि प्रत्येकाने ‘या विषयावर आधीच कुणीतरी काम करत आहे’ म्हणून पुढे ढकलली. त्या कुणीतरीचा शोध घेत ती आठवड्याच्या अखेरीस ज्या टेबलावर पोचली, ते बापूंचं होतं.

नियम असा, की ज्याच्याकडे तक्रार त्याने तक्रारदाराला स्वतः फोन करायचा, ठरलेली वाक्यं बोलायची, आणि ते संभाषण ध्वनिमुद्रित व्हायचं. बापूंनी आजूबाजूला पाहिलं, घसा साफ केला, आणि स्वतःच्या घरचा नंबर फिरवला.

“नमस्कार. मी कंपनीच्या ग्राहकसेवेतर्फे बोलत आहे. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.”

“कोण? जावईबापू?”

“मी... ग्राहकसेवेतर्फे बोलत आहे.”

“सर्दी झालीय का? येताना माझ्या त्या पिवळ्या गोळ्या आणा, संपल्यात.”

“आपली तक्रार आम्ही गांभीर्याने घेतली आहे,” बापू घामाघूम होऊन वाचत होते. “आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात? एक ते पाचमध्ये सांगा.”

“ते असं फोनवर नाही सांगता यायचं,” तात्या म्हणाले. “तुम्ही आधी घरी या, मग बघतो.”

फोन बंद झाला. बापूंनी कपाळ पुसलं. यातून आता काही निघणार नाही असं त्यांना वाटलं. पण मोठ्या कंपनीत कुणी काही वाचत नसलं, तरी ध्वनिमुद्रणं मात्र ऐकतात.

दोनच दिवसांत मनुष्यबळ खात्याच्या बाईंचा निरोप आला. बाई बोलायला अत्यंत मऊ होत्या. बापूंना त्याचीच जास्त भीती वाटली.

“तक्रारदाराने आपल्याला धमकी दिल्याचं दिसतंय,” त्या म्हणाल्या. “‘घरी या, मग बघतो.’”

“ती धमकी नाही. ते माझे सासरे आहेत.”

बाईंचं लिहिणं थांबलं. “म्हणजे आपण आपल्याच नातेवाइकाची तक्रार हाताळत होतात? आणि हे आपण कंपनीला कळवलं नाहीत?”

“माझ्याकडे ती आपोआप आली.”

“तक्रारदार राहतात कुठे?”

“माझ्या घरी.”

“म्हणजे तक्रारदार आपल्याच ताब्यात आहेत,” असं म्हणून बाईंनी पुन्हा लिहायला घेतलं. मग चौकशी होईल, असं त्या मऊ आवाजातच म्हणाल्या. तोवर बापूंनी काम नेहमीसारखं चालू ठेवावं, फक्त कशालाही हात लावू नये.

त्या संध्याकाळी बापू घरी आले ते पिवळ्या गोळ्यांशिवाय. बायकोला त्यांनी हळूच सांगितलं. तिने पोळपाट-लाटणं बाजूला ठेवलं.

“नोकरीवर येईल का हो?”

“येऊ शकतं.”

“पुढच्या महिन्यात त्यांची मोठी तपासणी आहे. ती विम्यातूनच...”

“माहितीय मला.”

“त्यांना सांगू नका,” ती म्हणाली.

बापू त्या रात्री जेवले नाहीत. तात्यांनी विचारलं तर पोट बिघडलंय म्हणाले. एका वाक्यापायी आपण नोकरी घालवून बसलो, आणि तेही दुसऱ्याने लिहिलेल्या, हे त्यांना गिळवत नव्हतं. बरं, गेलीच नोकरी, तर लोकांना काय सांगायचं? की चकती फिरवता फिरवता सासऱ्यांनी काढून टाकलं?

मोठ्या कंपनीची गंमत अशी, की तिचा एक हात काय करतो हे दुसऱ्याला ठाऊक नसतं. एकीकडे बापूंवर चौकशी बसली आणि दुसरीकडे त्यांच्या वाक्याचं भाग्य फळफळलं. तक्रारीवर इतक्या खात्यांचे शेरे पडले होते, की वर कुणालातरी वाटलं, हा फार मोठा प्रकल्प असणार. त्याला नाव मिळालं, ‘आपुलकी मोहीम’. मोहिमेचे टी-शर्ट निघाले. नवं वाक्य काय असावं हे ठरण्याच्या कितीतरी आधी सगळ्यांच्या अंगात टी-शर्ट होते.

मग वाक्य ठरवायला बैठक झाली. समुद्रापलीकडून कंपनीच्या कुणी एक मोठ्या बाई पडद्यावर हजर होत्या. बापूंना कशालाही हात लावायला बंदी असल्यामुळे ते हात मांडीखाली घेऊन कोपऱ्यात बसले. कुणी म्हणालं ‘पुन्हा प्रयत्न करा’. वकील म्हणाले, त्यातून पहिला प्रयत्न फसल्याची कबुली दिसते. कुणी म्हणालं ‘थोडी विश्रांती घ्या’; त्यावर दाढीवाला म्हणाला, विश्रांती कुणी चिरविश्रांती समजलं तर? अखेर बॉसबाईंनी बापूंकडे वळून विचारलं, “तुम्ही ज्यांच्यासाठी हे सुरू केलंत, ते काय म्हणतात?”

बापू खाकरले. “ते म्हणतात, ‘घाई नाही. सावकाश होऊ द्या.’”

“सावकाश म्हणजे किती?” वकिलांनी विचारलं.

तेवढ्यात पडद्यावरच्या बाई म्हणाल्या, “जुन्या वाक्याचा एकूण किती लोकांना त्रास झाला? आकडा काय?”

खोलीत सगळ्यांनी कागद चाळले. आकडा कुणाकडेच नव्हता. “एक,” बापू म्हणाले.

“एक लाख?”

“एक माणूस. माझे सासरे. त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालंय. एका बोटाने एकेक कळ शोधतात, म्हणून आकडा भरायला वेळ लागतो. तेवढ्यात तुमचं... आपलं ॲप त्यांना सांगतं, मुदत संपली, निघा.”

 समुद्रापलीकडच्या बाई चष्मा काढून पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “माझी आई पण असंच एका बोटाने करते. आणि मीच तिच्या हातातून फोन ओढून घेते.” त्या जरा थांबल्या. “घाई नाही, सावकाश होऊ द्या. छान आहे. हेच घ्या.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संमत्या पटापट आल्या, कारण मोठ्या बाईंनी हो म्हटल्यावर बाकीच्यांना एकदम ते वाक्य पहिल्यापासूनच आवडत होतं. आणि ठरल्या सकाळी कंपनीच्या सगळ्या ॲपांत, सगळ्या पडद्यांवर एकाच वेळी जुनं वाक्य गेलं आणि नवं आलं.

सगळ्या पडद्यांवर. मीटिंगरूमच्या सुद्धा.

त्या दिवशी बापू इमारतीत शिरले तर मधल्या मार्गिकेत ही गर्दी. लोक लॅपटॉप छातीशी धरून भिंतीला टेकले होते. काही खाली बसले होते. एका खोलीचं दार कुणीतरी ठोठावत होतं आणि आतली मंडळी काचेतून हसून पाठीमागच्या पडद्याकडे बोट दाखवत होती. पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘घाई नाही. सावकाश होऊ द्या.’

आता मीटिंगला बसलेल्या माणसाला ‘बाहेर पडा’ म्हटलं तरी तो कुरकुरत उठतो. त्याला ‘सावकाश होऊ द्या’ म्हटल्यावर तो कशाला उठतोय? ज्या बैठका अर्ध्या तासात आवरायच्या त्या पसरत पसरत दुपारपर्यंत आल्या. एका खोलीत सगळे विषय संपले तेव्हा लोकांनी गेल्या वर्षीचे काढले. वकील त्यांच्याच बैठकीबाहेर उभे होते. सातव्या मजल्यावरचे आरोग्यवाले जिन्यात बैठक घेत होते आणि प्रत्येकाच्या अंगात ‘आपुलकी’चा टी-शर्ट होता.

मनुष्यबळ खात्याच्या बाई बापूंना लिफ्टपाशी भेटल्या. त्या दिवशी बापूंची चौकशी होती.

“खोलीच मिळत नाहीये,” त्या मऊपणे म्हणाल्या. पण मऊपणाला आता चीर गेली होती. “तुम्ही थांबा. कुठे जाऊ नका.”

बापू थांबले. आणि तेवढ्यात मार्गिकेच्या टोकाला खाली बसलेले लोक भराभर उठून उभे राहिले. सर्वांत वरचे साहेब आले होते. सोबत सुटाबुटातले चार पाहुणे, आणि साहेबांच्या हातात चहाचा कप. पाहुण्यांसाठी राखलेल्या खोलीत दुसरीच मंडळी आरामात रेलून बसली होती. साहेबांनी काचेतून पडद्यावरचं वाक्य वाचलं. मग पुन्हा वाचलं.

“हे कुणी केलं?”

काल संध्याकाळपर्यंत मोहिमेचे निदान आठ प्रमुख होते. त्या क्षणी एकही उरला नाही. दाढीवाल्याने तर टी-शर्टावर जाकीट चढवून चेनही ओढली. गर्दी दोन्ही बाजूंना सरकली आणि मधे बापू तेवढे उभे राहिले.

बापूंच्या डोळ्यांपुढे विम्याचं कार्ड तरळून गेलं. “मी, साहेब,” ते म्हणाले.

“मंजुरी कुणी दिली?”

हा प्रश्न आला आणि सगळं बदललं. बॉसबाई पुढे आल्या. भाचीच्या वयाची पोर, पण हिंमतीची. त्यांनी आपला लॅपटॉप साहेबांसमोर धरला. “सगळ्यांनी, सर. ही आरोग्याची मंजुरी. ही शब्दखात्याची. ही वकिलांची. या सगळ्या बाकीच्यांच्या. आणि ही...” त्या जराशा अडखळल्या, “ही तुमची.”

साहेबांनी वाकून पाहिलं. स्वतःचं नाव माणसाला गर्दीतही लगेच दिसतं. आलेल्या शंभर मंजुऱ्यांवर ‘हो’ म्हणत जाण्याच्या ओघात त्यांनी यालाही ‘हो’ म्हटलं होतं.

ते सरळ झाले. चहाचा एक घोट घेतला. पाहुण्यांकडे पाहिलं. “आमच्याकडे आम्ही असे प्रयोग करत असतो,” ते म्हणाले. “यातून पुष्कळ शिकायला मिळतं.” मग दाढीवाल्याकडे न बघताच, “मीटिंगरूमला वेगळं वाक्य करा. आत्ता.”

आणि ज्याला शब्दखात्याने बापूंना ‘शक्य नाही’ म्हटलं होतं, ते साहेबांचा चहा निवायच्या आत झालं. खोल्यांमधले पडदे लुकलुकले, ‘कृपया बाहेर पडा’ उमटलं, आणि आतली मंडळी कुरकुरत लॅपटॉप गोळा करू लागली.

बापूंना त्या दिवशी मोठ्या कंपनीचा एक असा फायदा कळला जो कुठल्याही जाहिरातीत नसतो. तिथे चूक इतक्या जणांत वाटली जाते की शेवटी प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभरसुद्धा येत नाही.

राहता राहिली चौकशी. खोली मिळाल्यावर मनुष्यबळ खात्याच्या बाईंनी बापूंना बसवलं, संगणक उघडला, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. सकाळी यंत्राने तात्यांना आपण होऊन फोन केला होता, आमच्या सेवेबद्दल किती समाधानी म्हणून. तात्यांनी नुकतंच नवं वाक्य पाहिलं होतं. त्यांनी पाचची कळ दाबली. तक्रारदार समाधानी झाल्यामुळे तक्रार बंद झाली होती, आणि तक्रार बंद झाल्यामुळे तिच्यावरची चौकशीही आपोआप मिटली होती.

“आता मी काय करू?” बाई म्हणाल्या. त्या खरोखरच विचारत होत्या.

“मी जाऊ?” बापूंनी विचारलं.

“जा.”

बापू घरी गेले, वाटेत गोळ्या घेऊन. जिन्यात दातांच्या डॉक्टरांनी बाणाचं काय झालं विचारलं. बापू हो हो म्हणत वर चढले. आत आल्यावर त्यांनी बायकोकडे बघून नुसती मान हलवली, आणि ती भिंतीला टेकून मोठ्याने “हुश्श” म्हणाली. मग तात्यांनाही सगळं सांगावं लागलं. चौकशी, विमा, मार्गिकेतली गर्दी, सगळं.

तात्या ऐकत राहिले. मधे एकदाही बोलले नाहीत, हे विशेष. सांगून झाल्यावर त्यांनी आपल्या दंडावरचा पट्टा सोडला आणि बापूंच्या दंडाला बांधला.

“हे कशाला?”

“गप्प बसा.” पट्टा फुगला, सुटला. तात्यांनी चष्मा पुसून आकडा पाहिला. “माझ्यापेक्षा जास्त आहे. आणि मला कुणी काही सांगितलं नाही. पोट बिघडलंय म्हणे.” त्यांनी पट्टा काढून हळूहळू गुंडाळला. “माझ्या एका वाक्यासाठी एवढं? जावईबापू, असल्या ठिकाणी राहता तरी कशाला? एखादी लहानशी कंपनी बघा. चार माणसांची.”

बापू सोफ्यावर मागे रेलले. पाय लांब केले. कितीतरी दिवसांनी त्यांना खरंच बसल्यासारखं वाटत होतं.

“बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले. “लहान कंपनी असती तर ते वाक्य पहिल्याच दिवशी बदलून मिळालं असतं.”

“मग?”

“आणि दुसऱ्या दिवशी मला काढलं असतं.”

तात्यांनी क्षणभर त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. आवाज फुटेना, डोळ्यांत पाणी आलं, आणि एक हात शिवलेल्या छातीवर घट्ट दाबून धरत दुसऱ्याने ते बापूंच्या गुडघ्यावर चापट्या मारू लागले. ते पाहून बापूंनाही राहवेना.

“अहो, हसवू नका त्यांना!” बायको स्वयंपाकघरातून ओरडली. “डॉक्टरांनी सांगितलंय ना, छातीवर ताण नको म्हणून! तात्या, पुरे!”

“पुरे, पुरे,” तात्या म्हणाले, आणि श्वास घेऊन पुन्हा हसत सुटले.